भाव, भय आणि विरंगुळा : नव्वदीच्या आरंभीचे चंदीगड

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. शाळेपासून आपल्याला तीच सवय जडलेली आहे. परंतु ज्यांनी जुन्या दप्तरांचे रुमाल सोडून पाहिले आहेत, त्यांना ठाऊक असते की, रणांगणावरून आलेल्या एखाद्या पत्राशेजारी दाणागोटा, तेल, तूप, कापड आणि नोकरांचे मुशाहिरे यांच्या हिशेबाचे कागद ढिगांनी पडलेले असतात. पानिपतावर आपली फौज कोणत्या हालात सापडली, हे तलवारीच्या खणखणाटापेक्षा छावणीतील धान्याच्या महागाईवरून अधिक स्पष्ट कळते. रसद तुटली, दाणा मिळेनासा झाला आणि मग उपाशीपोटी मरण्यापेक्षा लढून मेलेले बरे, असा विचार झाला. म्हणजे लढाईचा दिवससुद्धा अखेर बाजारानेच ठरविला.

आज मी ज्या काळाविषयी आणि ज्या स्थळाविषयी बोलणार आहे, त्यांपैकी स्थळ मराठी इतिहासाला अगदीच परके नाही. रघुनाथरावांच्या फौजांनी १७५८ साली जे सरहिंद घेतले, ते आजच्या चंदीगडपासून पन्नासएक किलोमीटरांवर आहे. काळ मात्र आपल्या पुष्कळांच्या आठवणीतला, म्हणजे १९९० ते १९९५ पर्यंतचा आहे. या पाच-सहा वर्षांत चंदीगडच्या सामान्य गृहस्थाला तीन गोष्टींनी एकदम घेरले होते. पहिली महागाई, दुसरी भीती आणि तिसरी, ऐकून आश्चर्य वाटेल, पण करमणूक. या तिन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच संध्याकाळी कशा नांदत होत्या, हे पाहण्याचा आपण प्रयत्न करू.

प्रथम त्या शहराची ओळख करून घेतली पाहिजे. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. तेव्हा शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे नगर वसवावे असे ठरले. अमेरिकेतील नगररचनाकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांच्याकडे आरंभी हे काम होते. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मरण पावले आणि पुढे ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलत बंधू पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी ते काम अंगावर घेतले. आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे चौकोनी सेक्टर, प्रत्येक सेक्टरात शाळा, दुकाने आणि हिरवळ, आणि रहदारीच्या प्रकारानुसार रस्त्यांचे सात वर्ग, अशी ती योजना. आपल्या पुण्या-सातार्‍याकडे पेठांना वारांची किंवा माणसांची नावे असतात. येथे गृहस्थाने आपला पत्ता सांगायचा तो केवळ आकड्यांत. त्या आकड्यांतही तेरा हा आकडा मुळात वगळलेला होता.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा निराळा झाला, आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश होऊन दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी बनले. एकाच इमारतसमूहात दोन सरकारे बसू लागली. २४ जुलै १९८५ रोजी राजीव गांधी आणि संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात जो करार झाला, त्यानुसार २६ जानेवारी १९८६ रोजी हे शहर पंजाबच्या हवाली व्हावयाचे होते. ते झाले नाही. करारावर सही करणारे संत लोंगोवाल महिनाभरातच मारले गेले. शहर कोणाचे, हा प्रश्न असा लोंबकळत राहिला, आणि त्या प्रश्नाच्या छायेत लोक दूध, भाजी, मुलांच्या शाळा यांचे आपापले व्यवहार करीत राहिले.

हे लोक कोण होते? पुष्कळसे लाहोर, रावळपिंडी, लायलपूरकडून आलेले निर्वासित आणि त्यांची मुले. त्यांच्या जोडीला दोन्ही सरकारांचे कारकून व अधिकारी, विद्यापीठाचे प्राध्यापक आणि पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टर. जवळच चंडीमंदिर येथे सेनेच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे. शहरात हवाई दलाचा तळ आहे, वैज्ञानिक उपकरणांची केंद्रीय संस्था आहे. त्यामुळे बदलीवर आलेली मराठी कुटुंबेही येथे नेहमीच असत. याखेरीज ज्यांनी हे शहर विटेवर वीट ठेवून बांधले ते मजूर, आखीव सेक्टरांच्या कडेला झोपड्यांच्या वस्त्यांत राहत. शहर पाच लाख लोकांसाठी कल्पिले होते. १९९१ च्या जनगणनेत ते सहा लाख बेचाळीस हजारांवर गेले. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा साडेचार लाख होता. तेव्हा घरभाडे, पाणी आणि भाजी या तिन्ही गोष्टींवर ताण पडणे क्रमप्राप्तच होते.

आता भावांकडे वळू. चंदीगडच्या गृहिणीचा बाजार सेक्टरातल्या दुकानांत आणि रेहडीवर, म्हणजे आपल्या हातगाडीवर, होत असे. बटाटे-कांदे घ्यायचे ते किलोने नव्हे, धडीने. धडी म्हणजे पाच किलो. आपल्याकडील जुन्या धड्याची ही बहीणच म्हणायची. सेक्टर २६ मध्ये धान्याची आणि भाजीची मोठी मंडी होती. शिवाय १९८७ पासून पंजाबच्या मंडी मंडळाने ‘अपनी मंडी’ नावाचा एक उपक्रम चालू केला होता. शेतकर्‍याने आपला माल ट्रॅक्टरवर घालून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मैदानात आणावा आणि दलालाला मध्ये न घेता थेट गिर्‍हाइकाला विकावा, अशी ती व्यवस्था. शेतकर्‍याला चार पैसे अधिक मिळत आणि गिर्‍हाइकाचे चार पैसे वाचत. खेड्यातील जाट शेतकरी आणि शहरातील कारकुनाची पत्नी यांची समोरासमोर गाठ पडण्याची ती जागा होती. ज्या वर्षांत खेडे आणि शहर यांच्यात संशयाची भिंत उभी राहत होती, त्या वर्षांत मुळ्याच्या जुडीवरून का होईना, घासाघीस करण्याइतका विश्वास तेथे शिल्लक होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि खनिज तेलाचे भाव भडकले. ऑक्टोबरात आपल्या सरकारने पेट्रोलजन्य पदार्थांवर पंचवीस टक्के अधिभार बसविला. त्या वर्षाच्या मध्यास दिल्लीत पेट्रोल लिटरला दहा रुपयांच्या आत मिळत होते. पुढील वर्षीच्या जुलैअखेर ते साडेचौदा रुपयांच्या आसपास पोहोचले. चंदीगड हे स्कूटरचे गाव. अंतरे लांब, रस्ते रुंद, आणि बस वेळेवर मिळेलच असे नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली बजाज स्कूटर येथील मध्यमवर्गीय कुटुंबाची खरी गृहलक्ष्मी होती. नवरा, बायको, पुढे उभे राहिलेले एक मूल आणि पायापाशी भाजीची पिशवी, असा सगळा संसार तिच्यावरून चाले. त्या संसाराच्या टाकीत ओतायचे पेट्रोल वर्षभरात निम्म्याने महागले.

परंतु खरे संकट याहून खोल होते. १९९१ च्या जूनमध्ये देशाच्या तिजोरीतील परकी चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतके उरले होते. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत वीस टन सोने परदेशी गेले आणि जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे सत्तेचाळीस टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत या घटनेला काहीही म्हणोत. ज्या घरात लेकीच्या लग्नासाठी पाटल्या मोडाव्या लागल्या असतील, त्या घराला ती तत्काळ समजली. दहा ग्रॅम सोन्याचा भाव त्या वेळी साडेतीन हजारांच्या घरात होता. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. एका डॉलरला सुमारे एकवीस रुपये मोजावे लागत, त्याचे सुमारे सव्वीस झाले. २४ जुलै रोजी डॉ. मनमोहनसिंग यांनी आपला पहिला अर्थसंकल्प मांडला. सहा वर्षांपूर्वी चंदीगडच्या भवितव्याचा करार झाला होता तीच ही तारीख. योगायोग एवढ्यावर संपत नाही. हे अर्थमंत्री चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात शिकवीत असत. १९५७ पासून १९६५ पर्यंत ते तेथे अध्यापक आणि पुढे प्राध्यापक होते. तेव्हा त्यांच्या अर्थसंकल्पाची चर्चा येथे होई ती आपल्या गावच्या माणसाविषयी बोलावे तशा जिव्हाळ्याने, आणि तितक्याच हक्काने तक्रारीही होत.

तक्रारीला कारण होते. अर्थसंकल्पाने पेट्रोल आणि स्वयंपाकाचा वायू वीस टक्क्यांनी महाग केला. खतांच्या किमती सरासरी चाळीस टक्क्यांनी वाढवायचे ठरले होते. विरोध झाल्यावर ती वाढ तीस टक्क्यांवर आणण्यात आली. आता खत आणि डिझेल ही पंजाबच्या गव्हाची दोन पाळेमुळे आहेत. ती महागली की गहू महागणारच. सरकारने गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २२५ रुपयांवरून वाढवीत वाढवीत, दोनच हंगामांत ३३० रुपयांवर नेली. शेतकर्‍याच्या दृष्टीने ही भरपाई होती आणि चंदीगडच्या नोकरदाराच्या दृष्टीने ती पिठाच्या डब्याची महागाई होती. एकच आकडा मंडीच्या एका बाजूने पाहिला तर दिलासा आणि दुसर्‍या बाजूने पाहिला तर घोर. ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक किमतींची वार्षिक वाढ सतरा टक्क्यांच्या जवळपास गेली.

नोकरदारांच्या या शहरात महागाई भत्त्याचा हप्ता हा एक प्रकारचा सणच असे. चौथ्या वेतन आयोगाने १९८६ पासून केंद्र सरकारच्या शिपायाचे किमान मूळ वेतन महिना ७५० रुपये ठरविले होते, आणि पुढील आयोगाच्या शिफारशी लागू होईपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, तेच राहिले. वाढे तो केवळ भत्ता. भत्त्याची घोषणा व्हायची, मग थकबाकीचा हिशेब व्हायचा, मग ती हाती यायची, आणि तोवर डाळीने भत्त्याला मागे टाकलेले असायचे. ज्याला नियमित पगार आहे त्याची ही कथा. जो रोजंदारीवर विटा वाहत होता, त्याला कोणता आयोग आणि कोणता भत्ता? त्याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून इतिहासात तो आपल्याला फारसा भेटत नाही.

महागाईचे दुःख निदान चारचौघांत बोलून दाखविता येत होते. भीतीचे तसे नव्हते. पंजाबातील अतिरेकाचा तो सर्वांत काळा कालखंड होता. १९८७ पासून तेथे राष्ट्रपती राजवट होती. दहशतवादी गटांनी लोकांच्या राहणीवरही हुकूम सोडले होते. दारू-मांसाची दुकाने बंद करा, वरातीत अकरांहून अधिक माणसे नेऊ नका, मुलींनी अमुकच वेष घालावा, असे त्या हुकमांचे स्वरूप होते. मार्च १९८८ मध्ये लोकप्रिय गायक अमरसिंग चमकीला आणि त्यांची पत्नी व सहगायिका अमरज्योत यांना मेहसामपूर गावी गोळ्या घालण्यात आल्या. त्याच महिन्याच्या २३ तारखेला पाश हा बंडखोर कवी मारला गेला. पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या १९८६ च्या ऑगस्टात झाली होती. त्या हत्येबद्दल दोघांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यामुळे हे सर्व दूर उत्तरेत कोठे तरी चालले आहे, असे महाराष्ट्रालाही म्हणता येत नव्हते.

श्रोतेहो, ज्या संस्थेमार्फत आपण हे भाषण ऐकत आहात, तिच्यापुरता एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. १९९० च्या अखेरीस अतिरेक्यांच्या एका गटाने वृत्तपत्रे आणि नभोवाणी यांच्यासाठी एक ‘आचारसंहिता’ काढली. आम्हांला अतिरेकी म्हणू नका, आणि आकाशवाणीने पंजाबीतच बोलावे, असा तिचा आग्रह होता. पंजाबी ही गोड भाषा आहे. संत नामदेवांची पदे ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्याची लिपी आपल्यालाही वंद्य आहे. भाषेवर प्रेम करणे वेगळे आणि पिस्तूल रोखून भाषा बोलायला लावणे वेगळे. ६ डिसेंबर १९९० रोजी आकाशवाणीच्या चंदीगड केंद्राचे संचालक राजेंद्रकुमार तालिब यांची हत्या झाली. १९९२ च्या मे महिन्यात पतियाळा आकाशवाणीचे अधिकारी एम. एल. मनचंदा यांना पळवून नेऊन ठार मारण्यात आले. ही माणसे सेनापती नव्हती, मंत्री नव्हती. सकाळी कार्यालयात जावे, कार्यक्रमपत्रिका पाहावी, ठरल्या वेळी बातम्या, शेतीविषयक माहिती आणि गाणी लोकांपर्यंत पोहोचतील अशी तजवीज करावी, एवढेच त्यांचे काम. रोजचे काम रोज करीत राहणे हाच त्यांचा अपराध ठरला.

२९ ऑगस्ट १९९१ रोजी चंदीगडचे वरिष्ठ पोलीस अधीक्षक सुमेधसिंग सैनी यांच्या मोटारीवर बाँबहल्ला झाला. ते वाचले, त्यांच्याबरोबरचे शिपाई प्राणास मुकले. रुंद, सरळ आणि मोकळ्या रस्त्यांचे हे शहर. त्या रस्त्यांवर वाळूच्या पोत्यांचे मोर्चे आले, नाके आले, संध्याकाळनंतर स्कूटर थांबवून डिकी उघडून दाखविणे आले. मूल शिकवणीहून यायला दहा मिनिटे उशीर झाला की आई फाटकात येऊन उभी राही.

भीती एका बाजूचीच नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पोलिसांनी नेलेली मुले परत आली नाहीत, अशी असंख्य घरे पंजाबात होती. अमृतसरचे जसवंतसिंग खालडा हे बँकेत काम करणारे गृहस्थ. या बेपत्ता माणसांचा माग त्यांनी कोठे काढला? स्मशानातील लाकडांच्या हिशेबाच्या वह्यांत. बेवारस प्रेत म्हणून किती देह जाळले, प्रत्येकाला किती लाकूड लागले, त्याचे पैसे कोणी दिले, हे कारकुनाने सवयीने लिहून ठेवले होते. त्या रुक्ष नोंदींतून एका भयंकर सत्याला वाचा फुटली. सप्टेंबर १९९५ मध्ये खालडा यांचेच अपहरण झाले आणि त्यांना ठार मारण्यात आले. पुढे त्याबद्दल पोलिसांना शिक्षा झाल्या. केंद्रीय अन्वेषण विभागाने अमृतसर जिल्ह्यातील तीन स्मशानांत २,०९७ बेकायदा दहने झाल्याचे मान्य केले. आरंभी मी हिशेबाच्या कागदांचे महत्त्व सांगितले ते उगाच नव्हे. मोठमोठे अहवाल जेथे गप्प बसतात, तेथे लाकडाचा भाव लिहिणारा कारकून साक्षीला उभा राहतो.

आणि तरीही, या सर्वांच्या मधोमध, लोक हसत होते. चंदीगडने त्या काळात देशाला हसविणारा एक मनुष्य दिला. जसपाल भट्टी हे शिक्षणाने अभियंते आणि ‘ट्रिब्यून’चे व्यंगचित्रकार. त्यांचे ‘उलटा पुलटा’ हे छोटे प्रहसन दूरदर्शनवर गाजले, आणि १९८९ मध्ये ‘फ्लॉप शो’ आला. त्याचे अवघे दहा भाग झाले. विषय पाहा: वैद्यकीय खर्चाची खोटी बिले, प्रबंधासाठी विद्यार्थ्याला घरगड्यासारखे राबविणारा प्राध्यापक, बंद पडलेला टेलिफोन, ठेकेदाराने बांधलेली इमारत. कार्यालय, बिल आणि शिफारसपत्र यांत अडकलेला जो चंदीगडचा गृहस्थ, त्यालाच त्यांनी आरशापुढे उभे केले, आणि मदुराईपासून मुंबईपर्यंत प्रत्येकाला त्या आरशात आपलाच चेहरा दिसला.

दूरदर्शनचा संच हा तेव्हा घराचा मुख्य खांब झाला होता. १९९० च्या जूनपर्यंत रविवारी सकाळी ‘महाभारत’ होते. १९९१ च्या आखाती युद्धाने तबकडीसारख्या अँटेनांचे आणि केबलचे युग आणले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी ही हिंदी वाहिनी सुरू झाली. संध्याकाळी घराबाहेर पडणे धोक्याचे वाटत असताना जगच घरात येऊ लागले, हा त्या काळाचा मोठा दिलासा होता. घराघरांतून ध्वनिफितींचे यंत्र वाजे. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने ध्वनिफीत वीस-पंचवीस रुपयांत आणली आणि चित्रपटगीतांबरोबर पंजाबी लोकगीतेही स्कूटरच्या दुकानापासून ट्रकच्या कप्प्यापर्यंत पोहोचली. कोपर्‍यावर पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. केंद्र आले. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून सांगली-नागपूरला आईशी बोलण्यासाठी मराठी जवान आणि अधिकारी तेथे एकाच रांगेत ताटकळत.

सेक्टर १७ चा विस्तीर्ण चौक, जेथे वाहनाला मज्जाव आहे, सुखना तलावाचा काठ आणि नेकचंद यांची शिळाउद्यान ही नगराची फिरण्याची ठिकाणे. नेकचंद हे बांधकाम खात्यातील रस्त्यांचे देखरेखनीस. फाळणीत गाव सोडून आलेल्या या माणसाने सुमारे १९५८ पासून गुपचूप, फुटक्या बांगड्या, मोडके हातधुणीचे भांडे, विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे लट्टू जमवून एक नगर रचले. ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९९० च्या सुमारास त्याचा काही भाग पाडून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिक यंत्रांपुढे साखळी करून उभे राहिले. वर्तमानपत्राचे पहिले पान बाँबस्फोटांनी भरलेले असताना, फुटक्या बांगड्यांच्या बागेसाठी माणसे रस्त्यावर आली. आपण जे फेकून दिले त्यातूनही कोणी काही उभे केले आहे आणि ते राखले पाहिजे, असे त्यांना वाटले.

२३ ते २७ नोव्हेंबर १९९० या दिवसांत सेक्टर १६ च्या मैदानावर भारत-श्रीलंका कसोटी झाली. त्या मैदानावरची ती पहिली आणि शेवटची कसोटी. वेंकटपती राजूने बारा धावांत सहा बळी घेतले, श्रीलंकेचा डाव ८२ धावांत आटोपला आणि भारत डावाने जिंकला. पाकिस्तान, न्यूझीलंड आणि इंग्लंडात खेळून आलेला सतरा वर्षांचा सचिन तेंडुलकर मायदेशात आपली पहिली कसोटी खेळला तो येथेच. त्याने अकरा धावा केल्या. या चंदीगडचाच पुत्र कपिल देवही त्या संघात होता. सामना संपला आणि नऊ दिवसांनी तालिब यांचा खून झाला. ही दोन्ही पाने एकाच शहराच्या एकाच पंधरवड्यातील आहेत. इतिहासकार बहुधा त्यांतले एक पान उचलतो. त्या शहरात राहणार्‍याला दोन्ही वाचावी लागली.

पुढे हळूहळू पारडे फिरले. फेब्रुवारी १९९२ च्या विधानसभा निवडणुकीत पंजाबात चारांतल्या एका मतदाराने जेमतेम मत दिले होते. त्याच सप्टेंबरात नगरपालिकांसाठी आणि जानेवारी १९९३ मध्ये ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, तेव्हा दारे उघडून लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले. नोव्हेंबर १९९३ मध्ये शेजारच्या मोहालीच्या नव्या क्रीडांगणावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना झाला. लग्नाच्या वराती पुन्हा लांबल्या, ढोल उशिरापर्यंत वाजू लागले. परंतु येथे सुखान्त जाहीर करण्याची घाई करू नये. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी चंदीगडच्या सचिवालयाच्या दारातच मुख्यमंत्री बिअंतसिंग आणि त्यांच्याबरोबर इतर अनेक जण बाँबस्फोटात ठार झाले. बरी झालेली जखम पुन्हा उघडावी तसे ते झाले.

श्रोतेहो, आज त्या काळाला तीन दशके उलटून गेली. आज चंदीगडला जाणारा प्रवासी सेक्टर १७ मध्ये निर्धास्त हिंडतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये संत नामदेवांच्या घुमान गावी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून हजारो माणसे ज्या पंजाबातून प्रवास करीत गेली, त्या पंजाबात पंचवीस वर्षांपूर्वी संध्याकाळी सहानंतर रस्ते ओस पडत. हा बदल केवळ बंदुकीने झाला असे मला वाटत नाही, आणि केवळ अर्थसंकल्पाने तर नाहीच. अपनी मंडीत ट्रॅक्टर उभा करणारा शेतकरी, ठरल्या वेळी ध्वनिक्षेपकासमोर बसणारा निवेदक, परीक्षा वेळेवर घेणारा प्राध्यापक आणि धडीभर बटाट्यांसाठी घासाघीस करणारी गृहिणी, यांनी रोजचा दिवस रोज पार पाडला. ते शहर टिकले यात त्यांचा वाटा मोठा आहे.

म्हणून जाता जाता एक विनंती करतो. आपल्या घरात आईच्या किंवा आजीच्या हातची दूध-किराण्याच्या हिशेबाची जुनी वही असेल. १९९१ च्या जुलैत साखर काय भावाने आणली, ऑगस्टात डाळ का कमी आणली, एखाद्या संध्याकाळी ‘आज बाजारात गेलो नाही’ असे का लिहिले आहे, हे एकदा वाचून पाहा. ती वही रद्दीत घालू नका. पेशव्यांच्या दप्तरात जे सापडले तेच तिच्यातही आहे, आणि पुढे कोणी या काळाविषयी खरे लिहू म्हणेल, तर त्याला तिचीच गरज पडणार आहे.